‘अहो’ ही हाक नव्हे

अल वक्रा,
६ ऑक्टोबर २०२४

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालणार असाल तर आधी एवढं वाचा: तुमच्या भावाचा जीव धोक्यात आहे. आता घाला खुशाल.

नाही ना घातलंत? मग बसा जरा.

फोनवर तुम्ही आम्हा दोघांना ब्लॉक करून ठेवलंयत, आमच्या नुपूरलासुद्धा. ती पोर पुण्यात कॉलेजात शिकते, तिनं तुमचं काय घोडं मारलंय? असो. आपल्या आचऱ्याचा रंगनाथ मेस्त्री इथे दोह्यात एसी दुरुस्त करतो. तो महिनाभर गावी निघालाय, त्याच्या हातात हे पाकीट देतेय. ‘बबीताताईच्या हातातच दे, पडवीत टाकून येऊ नकोस,’ असं तीन वेळा बजावलंय.

तीन वेळा. त्याचंच सांगायचंय.

सर्वपित्री झाल्यापासून रोज संध्याकाळी, मगरिबची अजान संपली की आमच्या स्वयंपाकघरामागच्या अंगणातून ह्यांना कुणीतरी हाक मारतं. मला नाव लिहावं लागतंय, उखाणा समजा आणि सोडून द्या. ‘शऽशी.’ मग जरा थांबून पुन्हा, ‘शऽशी.’ पहिलं अक्षर लांबवून, आचऱ्याच्या मागच्या दारातून किनाऱ्यावर ऐकू जावी तशी. मग गप्प. तिसरी येत नाही.

पहिल्या दिवशी हे नववीचे गणिताचे पेपर तपासत होते. पेन थांबलं. ‘ऐकलंस?’ म्हणाले. मी ऐकलं होतं, वन्सं. पण मी म्हटलं, ‘काय? मैमुनाच्या टीव्हीचा आवाज असेल.’ मैमुना म्हणजे आमच्याच शाळेतली सायन्सची मॅडम, भिंतीपलीकडे राहते. एका व्हिलाचे पाच तुकडे करून पाच कुटुंबं घातलीत, कुणाची शिंक कुणाची ते कळत नाही. पण तो आवाज काही टीव्हीचा नव्हता. हे म्हणाले, ‘आई होती.’ आणि पुन्हा पेपर तपासायला लागले. पुढच्या पेपरावर सगळ्या गणितांना बरोबरच्या खुणा करून ठेवल्या, चुकलेल्यांनासुद्धा.

मी कराडची. तुमच्या आई मला जन्मभर घाटीण म्हणाल्या. भुताखेतांच्या तुमच्या गोष्टी मी पदराआड हसत ऐकल्या. तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही नाही. भूत दोन हाका मारतं, तिसरी मारायची त्याची ताकद नसते. तिसरी आली तर समजावं माणूस आहे. आई इथे राहायला आल्या होत्या तेव्हा ह्याच मागच्या दारात उभ्या राहून, दुकानातून खबूस रोटी आणायला गेलेल्या ह्यांना तीनदा हाका मारायच्या. शेजारच्या व्हिलाचा वॉचमन पळत यायचा. मी हसून लोळायची. आता हसू येत नाही.

आणि तुमचा भाऊ तर देवधर्म न मानणारा. माझं देवघर स्वयंपाकघरातल्या कपाटात, दार लावलं की बाहेरच्याला बरण्या असाव्यात असं वाटतं. त्यापुढे हे हात जोडतात ते मी चहाचा कप घेऊन उभी असते म्हणून. आणि हाच माणूस आता रोज अजानच्या आधी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मागच्या दारात स्टूल टाकून बसतो.

‘अहो, काय करताय इथे?’

‘तिसरी येते का बघतोय.’

‘आणि आली तर?’

‘तिसरी आली म्हणजे माणूस असतं. मग जायला नको?’ फळ्यावर सिद्धता मांडावी इतक्या शांतपणे म्हणाले.

कुठे जायला, ते मी विचारलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. आई गेल्या तेव्हा लॉकडाउन, विमानं बंद. दहाव्याला तुम्ही फोन धरून खाडीवर उभ्या होतात आणि आम्ही इथे पलंगावर बसून बघत होतो. पिंडाला कावळा शिवेना. चुलतभावानं दहा गोष्टी कबूल केल्या, कावळा आपला माडावर. शेवटी तुम्ही हात जोडून म्हणालात, ‘आये, शशी येतलो गो तुझ्याकडे!’ आणि कावळा झपकन खाली आला. त्या वेळी आम्ही सगळे रडलो, सुटलो एकदाचे म्हणून.

उचलली जीभ लावली टाळ्याला! कुठे येईल, कधी येईल, घरी येईल की आणखी कुठे, काही धड बोललात? मेलेल्या माणसाला ‘तो तुझ्याकडे येईल’ असा शब्द देतात का कुणी?

तुम्ही दिलाय, तुम्हीच परत घ्या. त्याच जागी जा आणि सांगा, तो नाही यायचा म्हणून. मोठ्या आहात, पाया पडते.

नमिता


२४ ऑक्टोबर

वन्सं,

पत्र मिळालं की नाही कोण जाणे. हे पोस्टानं पाठवतेय.

शाळेत बोलावणं आलं होतं मला. प्रिन्सिपल ताहेरुन्निसा मॅडम भली बाई आहे. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, ‘नमिता मॅडम, सर की तबीयत ठीक है ना?’ झालं असं की दहावीच्या वर्गात हजेरी घेता घेता हे मध्येच थांबले, खिडकीकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘ओ!’ पोरं आधी हसली. मग हसायची थांबली, कारण हे खिडकीशीच उभे राहिले घंटा होईपर्यंत. मी सांगितलं, कानात इन्फेक्शन झालंय. शिक्षिका असून एवढं सफाईनं खोटं बोलता येतं, हे माझं मलाच नवीन.

पोरं ह्यांना पाठीमागे ‘अहो सर’ म्हणतात, तुम्हाला सांगितलंय का कधी? स्टाफरूममध्ये मी ‘अहो, डबा’ म्हणून हाक मारायची, केरळच्या मॅडमना वाटलं हेच नाव. वर्षभर वेळापत्रकावर कुणीतरी गमतीनं ‘मिस्टर अहो’ लिहायचं. आईंना सांगितलं तर इतक्या हसल्या की कवळी काढून ठेवावी लागली. त्यांचं स्वतःचं तरी काय, तुमच्या वडिलांचं नाव त्यांनी ओठावर आणलं नाही कधी. लिहिताही येत नव्हतं, नाहीतर निदान कागदावर तरी आलं असतं.

वन्सं, बाथरूममध्ये रेती सापडतेय. ह्यांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले. हाका संपल्या की हे ‘जरा फिरून येतो’ म्हणून जातात, आणि समुद्र आमच्यापासून चालत जाण्याजोगा आहे. विचारलं तर म्हणाले, ‘अंगणातून नाही गं येत आता आवाज. लांबून येतोय. जवळ गेलं तर तिसरी ऐकू येईल.’

मैमुना परवा दारात उभी राहिली. म्हणाली, ‘मगरिब के वक़्त पीछे का दरवाज़ा बंद रखिए मैडम. हमारी अम्मी कहती थीं, इस वक़्त कोई पुकारे तो जवाब मत दो.’ मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, तुलाही ऐकू येतं का? ती म्हणाली, ‘बंद रखिए बस.’ आणि पेल्यातलं पाणी काहीतरी पुटपुटून मला दिलं. मी ते प्याले. देवाला सांगितलं, समजून घे बाबा, घरात आग लागल्यावर बादली कुणाची ते बघत नाहीत.

आई दोह्याहून निघाल्या त्या दिवसाची मला सारखी आठवण येते. विमानतळावर आत जाताना वळल्या. ‘जातंय’ म्हणायचं नसतं तुमच्यात, आमच्यातही नाही. ‘येतंय हां, शशी,’ म्हणाल्या. ह्यांचं लक्ष पार्किंगकडे. ‘हो, ये ये,’ म्हणाले. तेवढंच शेवटचं बोलणं समोरासमोरचं.

मग गावी गेल्या आणि चार महिन्यांत संपलं. तुम्ही फोनवर रडत होतात, ‘माझ्या हातचं शेवटचं पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं, तोंड फिरवलं.’ आणि ह्यांनी त्यावर तुम्हाला विचारलं, ‘असं काय केलंस तू तिला?’ मी शेजारीच होते. तो प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. तुम्ही फोन ठेवलात तो आजतागायत. हेही मग हट्टानं आचऱ्याला फिरकले नाहीत, सुट्टी आली की पुणं गाठायचं. दोघंही एका आईची लेकरं, कुणी कुणाला ऐकायचं!

उत्तर पाठवा. शिव्या असल्या तरी चालतील.

नमिता


८ नोव्हेंबर

वन्सं,

रंगनाथ आला. कोकमाच्या आगळाची बाटली पोचली, तिरफळं पोचली, तुमचा निरोपही पोचला. शिव्या नाहीत, पण त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. ‘मेलेल्याक शब्द दिलो तो दिलो. तो परत घेवक येणा नाय. तेका सांग, येवक होया.’

हे ऐकून मी तणतणले थोडी, खोटं कशाला बोलू. मग शांतपणे विचार केला, तर तुमचंच बरोबर. यायला हवं. घरी यायला हवं, म्हणजे ‘आईकडे येणं’ म्हणजे आचऱ्याला येणं, असा त्या शब्दाचा साधा सरळ अर्थ होईल आणि सगळं मिटेल. हिवाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढलीत, दोघांची, गोव्याच्या मोपा विमानतळाची. ह्यांनी तिकिटं बघितली आणि म्हणाले, ‘तोपर्यंत थांबेल का ती?’

दिवाळीत दिवे लावले खिडकीत, रांगोळी दाराच्या आत काढली. नुपूर व्हिडिओवर होती, ‘बाबा, से समथिंग,’ म्हणत होती, आणि तिचे बाबा माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत होते. मी दार लावून घेतलं होतं. कुलूपही घातलं होतं. तरी हाका आल्या. हे दाराला कपाळ टेकून उभे राहिले, लहान मूल रुसून उभं राहतं तसे, आणि मला म्हणाले, ‘दोनच मारते गं. तिला तिसरी मारायचीय, पण तिच्यानं होत नाही. मला कळतं ना, दम लागतो तिला. मी जवळ नको का जायला?’

मला रडू आलं. मी रडले, कुकरची शिट्टी झाली, जेवलो.

एक गोष्ट लिहून ठेवते. ह्या घरात एकटी मीच आहे जी ह्यांना नावानं हाक मारू शकत नाही. परवा शाळेच्या जिन्यात हे पुढे निघाले होते, मी मागून ‘अहो, अहो’ करत होते, आणि हे थांबलेच नाहीत. ऐकूच गेलं नाही जणू. पूर्वी एका ‘अहो’ला वळायचे. मी मैमुनाला म्हटलं, तर ती म्हणाली, ‘नाम लेके बुलाइए ना मैडम.’ तिला काय सांगू. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. जीभच वळत नाही, वन्सं, तुमची तरी वळली का कधी?

नमिता


१६ नोव्हेंबर

वन्सं,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

काल शुक्रवार, सुट्टी. त्रिपुरी पौर्णिमा म्हणून मी कपाटातल्या देवांपुढे वाती लावत होते. मागचं दार कुलूपबंद होतं. हे पुढच्या दारानं गेले. मी वात तशीच टाकून पायात मिळेल ते सरकवून धावले.

सूकच्या, म्हणजे इथल्या बाजाराच्या, पलीकडे किनाऱ्यावर जत्रा असते शुक्रवारी. चटया अंथरलेल्या, चहाचे थर्मास, पोरांची सायकल. ओहोटी होती. इथलं पाणी उथळ, लांबवर गुडघाभरच. ह्यांचे बूट काठावर ठेवलेले, मोजे घडी करून आत. आणि हे आत निघालेले. समोर चंद्र वर येत होता, पाण्याला टेकलेला, मोठा आणि तांबूस. अजान संपली.

‘शऽशी.’

पाण्यावरून आली. मी काठावर होते, मला स्पष्ट ऐकू आली. शेजारच्या चटईवरच्या बाळानंही मान वळवली. ह्यांनी पावलं उचलली. पाणी मांड्यांना लागलं.

‘शऽशी.’

‘अहो!’ मी ओरडले. ‘अहो! अहो, थांबा!’

एक माणूस वळला, वन्सं. कुणीतरी पुण्याबिण्याचा इंजिनिअर, बायकोमुलांबरोबर भेळ खात बसलेला. बिचारा दचकून माझ्याकडे बघायला लागला. जगातले सगळे मराठी नवरे त्या हाकेला वळले असते, माझा सोडून. तेव्हा मला कळलं, ‘अहो’ ही काही हाक नव्हे. तिला धनी नाही. ती कुणाचीही आहे.

पाणी कमरेला लागलं. पुढे तळ एकदम खाली जातो, पडाव बांधतात तिथे. तिसरीची वाट बघत हे तसेच चालत होते.

मग मी नाव घेतलं.

मला नुसतं ‘शशी’ म्हणायचं होतं, तोडून, शाळेत पोरावर ओरडतात तसं. पण तोंडातून निघालं ते तसं नाही निघालं. पहिलं अक्षर आपोआप लांबलं. पोटातून आलं, मागच्या दारातून किनाऱ्यावर जावं तसं. मला स्वतःला माझा आवाज ओळखू आला नाही.

ते थांबले. ‘ओऽ!’ म्हणाले, एवढ्या मोठ्यानं की पाण्यातली पोरंसुद्धा गप्प झाली. वळले, आणि वन्सं, काय सांगू तुम्हाला, ते तोंड! इतकं आनंदलेलं तोंड मी लग्नाच्या इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. पाणी तुडवत परत आले. माझ्यासमोर उभे राहिले, अंगातून पाणी गळतंय, आणि म्हणाले, ‘आये, तू कधी इलंस?’

मी म्हटलं, घरी चला आधी.

आणखी काय म्हणणार होते? माणूस जिवंत परत आला होता. त्या वेळी त्यानं मला झाड म्हटलं असतं तरी चाललं असतं.

नमिता


२९ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचा भाऊ ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो, शाळेत हसतो. ताहेरुन्निसा मॅडम म्हणाल्या, ‘माशाल्ला, सर तो जवान हो गए.’ हाका बंद झाल्या. मागचं दार उघडं टाकलं तरी पारव्यांशिवाय काही ऐकू येत नाही.

पण ते मला आई म्हणतात. पहिल्या दिवशी वाटलं, धक्का बसलाय. मग वाटलं, थट्टा. मी चिडले, भांडले, ‘मी नमिता आहे, तुमची बायको,’ म्हटलं. ‘होय तर,’ म्हणाले, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेले. माझ्याशी कधी मालवणी न बोलणारा माणूस, मला कळत नाही म्हणून, तो आता मालवणीशिवाय बोलत नाही. आणि मला कळतंय, वन्सं. सगळं कळतंय. मी उत्तरं देते.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घातली. वीस वर्षं त्या वासानं माझं डोकं उठायचं. काल मी बोटं चाटून खाल्ली. वर्गात एका पोराला विचारलं, ‘पुस्तक खंय आसा?’ ते बिचारं हैदराबादचं, रडायला आलं. नुपूरला फोन केला, दोन मिनिटं बोलले असेन, तर म्हणते, ‘ममा, यू साउंड लाइक आजी. इट्स क्रीपी. स्टॉप इट.’

संध्याकाळ झाली की पाय आपोआप मागच्या दाराकडे वळतात. तिथे उभं राहिलं की बरं वाटतं. खूप लांबून चालत आल्यावर बसायला मिळावं तसं.

मला भीती वाटते. घ्या, लिहिलं एकदाचं.

आज सकाळी मी बसून आठवत होते, मला नावानं कोण हाक मारतं. शाळेत मी मॅडम. नुपूरची ममा. ह्यांची ‘अगं’ होते, आता तेही नाही. माझे आईवडील गेले, भाऊ नाही. मैमुनाच्या तोंडीही नाव येतं ते शेपटाला मॅडम लावून. नुसतं, नावानं, पहिल्यापासून हाक मारणारं एकच माणूस उरलंय आणि त्यानं मला ब्लॉक केलंय.

माझ्यावरचा राग बाजूला ठेवा. ह्यांनी जे विचारलं ते चुकीचं होतं, त्यांच्या वतीनं मी नाक घासते. पण फोन करा. मला नावानं हाक मारा. तीनदा मारा. दोनवर थांबू नका. तुमचीच रीत आहे ना, तिसरी हाक माणसाची असते? मग मला माणसाची हाक हवी आहे.

वन्सं, लवकर करा. काल मी सहीच्या जागी अंगठा टेकवायला निघाले होते.

नमिता
नमिता
नमिता


वक्रा,
मार्गशीर्षातलो पयलो गुरवार

माझ्या बाय,

तुजो फोन इलो. तिन्हीसांज होती, मी मागच्या दारातच होतंय. केदव्या वर्सांनी तुजो आवाज ऐकलंय गो! जाडी झालंस की काय, दम लागता तुका बोलताना.

‘नमिता,’ म्हणालंस. मी गप रवलंय. परत ‘नमिता,’ म्हणालंस. तेव्हा मी म्हटलंय, ‘काय गो बाय? जेवलंस?’

आणि तू तिसरी हाक मारूकच नाय. किती वेळ नुसती रडत होतंस. मगे ‘आये’ म्हणालंस. बरां केलंस.

रडा नको. आणि तां पाणी मनाक लावन घेव नको. तां फ्रीजातलां होतां. माठ कोनाड्यात होतो, पण तुका घाईत सुचूक नाय, तू बाटली उघडलंस. माझो येकच खरो दात रवलेलो, तेका थंडगार लागलां, कळ इली, म्हणान तोंड फिरवलंय. रागान नाय गो. तुज्यार कसलो राग? रात्रंदिवस माझां सगळां तूच काढलंस. सांगूचा होतां, पण तोपर्यंत आवाज गेलेलो. शशीक हाक मारूक बघी होतंय तां पण धड जमला नाय.

शशी बरो आसा. पोटभर जेवता. तेनी तुका वायट इचारल्यान तां मी तेका सांगितलंय, कान धरून. तुज्या पाया पडतलो म्हणता.

घाटणीची काळजी करू नको. पोर गुणाची. तिनाच माका घराक घेतल्यान, नायतर मी पाण्यातच रवलंय असतंय. हंयच आसा ती, खंय जाताली? ह्यां अक्षर तिचांच, माका लिवक खंय येता! मधी मधी हात आखडून धरता, मगे मी जरा थांबतंय.

सुटी पडली की शशीक घेवन येतंय. तुजो शब्द खरो झालो. पेजेचे तांदूळ काढून ठेव, आणि माठ भरून ठेव.

येकच सांगतंय, बाय. परत फोन करशीत तेव्हा ‘आये’ म्हण. नायतर दोनदा तिचां नाव घे, तुजो जीव रवणा नसलो तर.

तिसरी मारू नको.